वॅगनचे दर्दी व्हा, पण गाडी घेऊ नका

एसयूव्हीचं आता कोणाला काय? जळगावात लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहा, पांढऱ्या एसयूव्हींच्या रांगेत स्वतःची ओळखायला रिमोट दाबून बघावा लागतो. चारचौघांत उठून दिसायचं असेल तर एकच मार्ग उरलाय : दुर्मिळ स्टेशन वॅगनचे, म्हणजे छत थेट डिक्कीपर्यंत नेलेल्या लांब गाडीचे (हिलाच इस्टेटही म्हणतात), दर्दी व्हा. खर्च काहीच नाही. दर्दी व्हायला वॅगन घ्यावी लागत नाही. घेऊच नये, हा या छंदाचा पहिला नियम.

दुर्मिळ गाडी तयार कशी होते, हे आधी समजून घ्या. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली. टाटामोबाईल पिकअपची चेसिस, १.९ लिटरचं डिझेल इंजिन आणि पाठीमागून बघितलं तर थेट मर्सिडीजच्या वॅगनचा भास. तुमच्या काकांनी ती शोरूममध्ये बघितली, डिक्की उघडली, मिटली, 'अँब्युलन्स वाटते' म्हणाले आणि बाहेर येऊन चहा प्यायले. पुढं बलेनो अल्टुरा आली, सिएना वीकेंड आली, ओपल स्विंग, ऑक्टाव्हिया कॉम्बी, २००४ मध्ये इंडिगो मरिना. प्रत्येक वेळी काकांनी चहाच घेतला. अशी आपण सगळ्यांनी एकजुटीनं या गाड्या दुर्मिळ केल्या. सरकारनंही हातभार लावला. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साइज घटवली, मग लांब शेपटीची गाडी काढायला कंपनीला वेड लागलंय? टाटांनी २००८ मध्ये इंडिगोचीच शेपटी छाटून चार मीटरच्या आत बसवली. आता हळहळायचं काम तेवढं तुमच्याकडे आहे, ते मन लावून करा.

हळहळायला थोडं पाठांतर लागतं. १९९४ मध्ये व्होल्वोनं ८५० इस्टेट ब्रिटिश टूरिंग कारच्या शर्यतीत उतरवली होती, आणि ऑडीची आरएस२ वॅगन पोर्शच्या मदतीनं बनली होती, एवढं आलं तरी भुसावळच्या कुठल्याही टपरीवर अर्धा तास निघतो. समोरचा विचारतो, 'ॲव्हरेज किती देते?' यावर उत्तर द्यायचं नाही. नुसतं मंद हसायचं.

आता प्रत्यक्ष दर्शन. समजा, यावलकडं जाताना एमएच-१९ ची एखादी टाटा इस्टेट दिसलीच. चालवणारे नाना सत्तरीचे, गाडी त्यांनी नवी घेतलेली. डिक्कीचे शॉकअप कधीच गेलेले, म्हणून नाना ती उघडतात आणि कोपऱ्यात ठेवलेलं बांबूचं दांडकं काढून टेकू लावतात. दांडक्याच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पत्र्याला चरे नकोत म्हणून. मागची सीट पाडलेली. तिच्यावर भरताच्या वांग्यांची पोती, बाजूला वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा, आणि मांडे करायचं खापर गोधडीत गुंडाळून आडवं ठेवलेलं. ज्या कामासाठी गाडी बनवली तेच काम ती तीस वर्षांवर करतेय, हे बघून तुम्हाला संताप यायला हवा. येत नसेल तर तुम्ही अजून कच्चे आहात. 'नाना, अहो ही कलेक्टरची गाडी आहे!' असं कळवळून म्हणा. नाना दचकतील, कारण त्यांना जळगावचे कलेक्टर आठवतील. 'नही रे भाऊ, मनी शे (माझी आहे),' म्हणतील.

(नानांनी वॅगनचं कौतुक केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. ते तिला 'गाडी' म्हणतात. अशा माणसाला आपल्यात घेऊ नये.)

फोटो काढताना वांगी फ्रेममध्ये येऊ देऊ नका. मागच्या दिव्याची काच फुटली असेल तर ती मात्र जवळून घ्या, नि ही काच आता कुठंच मिळत नाही, असं खाली लिहा. नानांना ती धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडं मिळणार आहे, पण ते तुम्हाला कशाला हवं?

धोक्याचा क्षण एकच. नाना सहज म्हणतात, 'पोरगा म्हणतो मोठी गाडी घेऊ. तुम्हाला आवडतेय तर घेऊन जा, पासिंग आताच केलंय.' इथं भलेभले दर्दी ढेपाळतात. तुम्ही डगमगू नका. पार्किंग नाही, एसी चालत नाही, बायको बसणार नाही, यातलं काहीही तोंडातून जाऊ देऊ नका. गंभीर चेहरा करून बोनेटवर हात ठेवा (मे महिना असेल तर ठेवू नका, पंचेचाळीस अंशात सोलून निघेल) आणि म्हणा, 'नाना, हा ठेवा तुमच्याच घरात शोभतो.'

मग आसोद्याला भरीत पार्टी ठरलेली असतेच. तुमच्या एसयूव्हीत तिसऱ्या रांगेमागं वांग्याचं एक पोतं मावत नाही, आणि मावलं तरी सीट मळतात. ते नानांच्याच गाडीत टाका, आणि त्यांना म्हणावं जरा लवकर निघा, आम्ही पुढं जाऊन बसतो.