रेडी रेकनर वाढला म्हणून घरपट्टी लगेच वाढते का?

दर 1 एप्रिलच्या सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत असा संदेश फिरतो की, रेडी रेकनरचे (राज्य सरकार जमीन-इमारतींसाठी ठरवते ते) दर वाढल्यामुळे मुंबईतील घरपट्टी त्याच वर्षी त्याच प्रमाणात वाढेल. हे म्हणणे अर्धवट आहे.

मुंबईत 2010 पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या ठरवलेल्या किमतीवर आकारली जाते आणि त्या मूल्याचा पाया रेडी रेकनरच आहे, हे खरे; मात्र मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार हे मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचे असते. (कोविडकाळात ही सुधारणा लांबलीही होती.) शिवाय रेकनरचा दर जसाच्या तसा बिलात उतरत नाही: त्याला क्षेत्रफळाने आणि वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय अशा भारांकांनी (मूल्य कमी-जास्त करणाऱ्या गुणकांनी) गुणले जाते. म्हणूनच एकाच गल्लीतील जुन्या इमारतीतले घर, नव्या टॉवरमधला तेवढाच फ्लॅट आणि तळमजल्यावरचे दुकान यांची बिले इतकी वेगळी येतात. घर प्रत्यक्षात कितीला विकले गेले, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

500 चौरस फुटांपर्यंत चटईक्षेत्र असलेल्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे त्यांच्यापुरती ही भीती निराधारच म्हणावी लागेल.

पुणेकरांनी तर हा संदेश पुढे पाठवूच नये, कारण तेथे आकारणी वार्षिक करयोग्य मूल्यावर, म्हणजे अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून होते.