‘पाचच वॉटचा तर आहे!’

गिटारवाल्यांमध्ये एक मजकूर अधूनमधून फिरतो. गेल्या दोन महिन्यांत मला तिघांनी पाठवला. गोषवारा असा: जुना, छोटा व्हॉल्व्ह अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) हाती लागला तर आतलं काही बदलू नका, जुने पार्ट म्हणजेच त्याचा आवाज. अँप पाचच वॉटचा, शॉक बसून बसून किती बसणार? प्लग काढून पाच मिनिटं थांबलं की खुशाल उघडा. बल्ब सिरीजमध्ये लावून हळूहळू वीज दिली की मेलेले कपॅसिटर (चार्ज साठवणारे पार्ट) जिवंत होतात. आणि तीन पिनांची वायर लावू नका, तिने हम (स्पीकरमधली घूं घूं) वाढतो.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांनी माणूस मरू शकतो.

उदाहरणाला फेंडरचा चॅम्प घेऊ, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, ५एफ१ सर्किटचा. तीन व्हॉल्व्ह: सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर चालवणारा ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३; शिवाय आठ इंची स्पीकर, बस्स. पाच वॉट हा आकडा स्पीकरपर्यंत पोचणाऱ्या ताकदीचा. ती काढायला ६व्ही६ च्या प्लेटवर, म्हणजे आतल्या पत्र्यावर आणि त्याच्या पिनवर, तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. तिथे बोट लागलं तर तुमच्या अंगातून किती करंट जायचा, हे स्पीकरच्या वॉटवर ठरत नाही.

पाच मिनिटांचं म्हणाल, तर धडधाकट अँप बंद केल्यावर व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत थोडा करंट ओढत राहतात आणि फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर) बहुधा त्यातच रिकामे होतात. पण तुम्ही उघडताय तो बिघडलेला अँप. ६व्ही६ गेलेला असेल किंवा कोणी काढून ठेवला असेल, तर चार्ज जायला वाटच उरत नाही. या सर्किटमध्ये त्यासाठी वेगळा ब्लीडर रेझिस्टरही नाही. म्हणून घड्याळ बघू नका, मीटर लावा. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड क्लिपा जोडायच्या, एक चेसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला), दुसरी फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, आणि दहा सेकंद थांबायचं. मग अँपमधल्या तिन्ही फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्ट मोजायचे. हे करताना दुसरा हात खिशात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ‘फाट्’ करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांचे स्क्रूड्रायव्हरही पाहिले आहेत.

आता बल्ब. सिरीज बोर्ड (अँपला जाणारी वीज बल्बमधून नेणारा बोर्ड) कामाचा आहे, वाद नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, बराचसा व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. (बल्ब जुन्या तारेचाच हवा, ४० किंवा ६० वॉटचा. एलईडी लावून ‘बल्ब पेटतोय, बिघाड आहे’ म्हणणाऱ्याला काय सांगणार!) पण बोर्डाचं काम दोष दाखवण्याचं. औषध म्हणून तो चालत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि सोबत ओला इलेक्ट्रोलाइट. बरीच वर्षं पडून राहिला तर थर कमजोर होतो, तो हळू व्होल्टेज वाढवून पुन्हा धरतो, हे खरं. वाळून गेलेला इलेक्ट्रोलाइट मात्र विजेने ओला होत नाही. शिवाय ५वाय३ सारखा रेक्टिफायर असताना ‘हळूहळू’ घडतच नाही. कमी व्होल्टेजला त्याचं फिलामेंट पुरेसं तापत नाही, त्यामुळे बराच वेळ पुढे काहीच जात नाही आणि मग एकदम बरेच व्होल्ट येतात. साठ वर्षांहून जुने फिल्टर कपॅसिटर बदलायचेच: मूळ १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. नवे घेताना व्होल्टेज कमी नको आणि पहिला उगाच ४७ किंवा १०० चा नको, रेक्टिफायरवर ताण येतो.

‘मग जुना आवाज?’ तो अर्ध्या खऱ्या वाक्याचा भाग. सिग्नलच्या वाटेवरचे छोटे कपॅसिटर, कार्बनचे रेझिस्टर, मूळ ट्रान्सफॉर्मर, स्पीकर यांना कारणाशिवाय हात लावू नये, हे मलाही मान्य. कारण आहे की नाही, हे मोजून कळतं. ६व्ही६ च्या पाचव्या पिनवर, म्हणजे सिग्नल आत येतो त्या ग्रिडवर, डीसी शून्य हवा. आठव्या पिनवर, कॅथोडवर, साधारण १८ ते २० व्होल्ट; तिथला रेझिस्टर ४७० ओहमचा, म्हणजे करंट चाळीसएक मिलिॲम्पिअर. माझ्याकडे आलेल्या अशाच एका छोट्या अँपमध्ये सुरुवातीला सगळं ठीक होतं. अर्ध्या तासाने पाचव्या पिनवर ६ व्होल्ट दिसले आणि व्हॉल्व्हच्या काचेत प्लेटची कड लालसर व्हायला लागली. गरम झाल्यावर गळणारा एकच कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हकडे सोडणारा, डीसी अडवणारा). तेवढा बदलला, शेजारचे तसेच ठेवले. (असं मोजताना मीटरच्या क्लिपा आधी लावायच्या, वीज नंतर.)

तिसरी, अर्थिंगची पिन टाळा, हा सगळ्यात वाईट सल्ला. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून थेट चेसिसला जोडलेल्या असतात. चेसिस जिवंत झालं की तुमची बोटंही त्याच सर्किटमध्ये. दोन तारांच्या काळातल्या अनेक अँपमध्ये मेन्सच्या एका तारेपासून चेसिसला एक कपॅसिटर जोडलेला असे, हम कमी व्हावा म्हणून. ०.०४७ मायक्रोफॅरडचा, अगदी चांगल्या अवस्थेतला असला तरी आपल्या २३० व्होल्टला त्यातून तीन मिलिॲम्पिअरच्या वर करंट येतो. तोच हातांना लागणारा ‘चिमटा’. तो शॉर्ट झाला की अख्खी फेज तारांवर. ३ मे १९७२ ला स्वान्सीच्या स्टेजवर स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला.

तेव्हा तीन तारांची वायर लावायची. हिरवी तार चेसिसला वेगळ्या बोल्टने घट्ट, आणि बाकी दोघींपेक्षा लांब, म्हणजे वायर उपसली गेली तर ती शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून. तो कपॅसिटर काढून टाका. एकट्या अँपमध्ये अर्थिंगने हम येत नाही. दोन उपकरणं जोडल्यावर अर्थिंगच्या तारांचा लूप होतो, तो प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर पिन कापणं नव्हे. १०० हर्ट्झची घरघर असेल तर ती बहुधा त्याच म्हाताऱ्या फिल्टर कपॅसिटरची.

अमेरिकेतून मामा-काकांनी आणलेला ११७ व्होल्टचा अँप असेल तर आणखी एक गाठ. बाजारातले बरेच स्वस्त स्टेप-डाऊन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, मेन्सपासून वेगळं करत नाहीत, आणि कित्येकांच्या आउटपुटला अर्थिंगची पिनच नसते. म्हणजे नवी वायर लावूनही चेसिस अधांतरीच. जुन्या इमारतींत तर भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. मीटरने बघून घ्या.

फ्यूज उडाला तर जाड घाला, असंही त्यात शेवटी आहे. उत्तर एका शब्दात: नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज मी स्वतःच्या हाताने काढला आहे.

आणि काढलेले जुने कपॅसिटर फेकू नका. पिशवीत घालून, वर तारीख लिहून कॅबिनेटमध्ये तळाशी चिकटवून ठेवा. उद्या घेणाऱ्याला ‘ओरिजिनल’ हवे असतील तर तिथे सापडतील.