हेल्मेट काढू नका रे!

परग्रहावर पाय ठेवला की सिनेमातल्या या शास्त्रज्ञांना पहिली घाई कसली, तर हेल्मेट काढायची! रिडली स्कॉटचा 'प्रोमिथियस' (२०१२) बघा. यंत्राने सांगितलं हवा चांगली आहे, की साहेबांनी काढलंच. अरे, ऑक्सिजन आहे म्हणजे जंतू नाहीत असं कोणी सांगितलं? परगावी गेलं तर आमची आई पाणीसुद्धा उकळून प्यायला लावते.

आणि तो जीवशास्त्रज्ञ! परग्रहवासीयाचं हजारो वर्षांपूर्वीचं मढं बघून याची तंतरते, पण काळ्या चिखलातून नागासारखं काहीतरी फणा काढून उभं राहिलं की हा बाबापुता करत हात पुढे करतो. मग हात मोडतो, जीव जातो. ज्याच्या उडत्या यंत्रांनी बोगद्यांचा नकाशा काढला, तो भूवैज्ञानिकच वाट चुकतो. तोच! २०१७ च्या 'एलियन: कव्हेनंट'मध्ये तर हेल्मेटची भानगडच नाही. उघड्या तोंडाने थेट गव्हाच्या शेतात. बीजाणू कानात शिरणार नाहीत तर काय!

डोकं फिरतं ते यासाठी की, याच रिडली स्कॉटच्या १९७९ सालच्या 'एलियन'मध्ये यानावरची अधिकारी रिप्ली बाहेरून परतलेल्या सहकाऱ्यांना ठणकावते: चोवीस तास विलगीकरण, दार उघडणार नाही. कॅप्टनचा हुकूमही जुमानत नाही. दार उघडतो यानावरचा विज्ञान अधिकारी अ‍ॅश, आणि त्याच्याकडे तसं कारण असतं. तिथे अंगावर काटा येतो. इथे मी राक्षसाच्या बाजूने.

वर शेजारचा म्हणणार, "एवढा काय विचार करतोस, पिक्चर आहे." विचार करायचा नसता तर सासू-सुनेची मालिका नसती का लावली?