सतरा जोडलेले हात

आज सकाळी साडेसातला आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. तुम्हालाही आला असेलच. अंगण, सडा, चुलीवरची भाकरी आणि खाली ठळक अक्षरांत: आमच्या आजीला डिप्रेशन नव्हतं, कारण तिला वेळच नव्हता. दहा मिनिटांत सतरा जणांनी हात जोडले. चहा गार होईपर्यंत मी ते हात मोजत बसले होते.

आजीला डिप्रेशन नव्हतं म्हणे. आमच्याच आजीच्या थोरल्या जाऊबाईंचा विहिरीवर पाय घसरला होता. घरात अजून असंच सांगतात, पाय घसरला. रात्री अकराला कोण जातं हो पाणी शेंदायला? त्याआधी वर्षभर त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या, तर बाहेरचं काहीतरी आहे म्हणून त्यांना तीन ठिकाणी नेऊन आणलं होतं. मामांना हे सगळं माहीत आहे. तरी हात जोडायचे.

जाऊ दे. मला आप्पांबद्दल लिहायचंय.

आप्पा एसटीत 34 वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा तो पेपरातल्या शब्दकोड्यानं. निळं बॉलपेन, आणि शब्द आठवेना की त्याचं बटण टकटक, टकटक, तिकिटाचा चिमटा वाजवायचे तसं. आई कावायची. मग मला पुण्याला फोन. "चार अक्षरी, नदीकाठची वाळू, शेवटी ट." "वाळवंट, आप्पा." "मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेतली."

हे फोन कधी बंद झाले ते मला सांगता येणार नाही. कामाच्या धबडग्यात लक्षातच आलं नाही.

मागच्या मार्चमध्ये साताऱ्याला गेले होते. रद्दीवाला आला म्हणून माळ्यावरचा गठ्ठा काढला. दसऱ्याच्या सुमाराची कोडी पूर्ण भरलेली. दिवाळीनंतरची निम्मी. डिसेंबरात आडवे चार-पाच शब्द, तेही खोडलेले. जानेवारीत चौकोन कोरे. आणि फेब्रुवारीतल्या पेपरांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. खाली रद्दीवाला तराजू धरून उभा, आणि मी शिडीवर बसून रडतेय.

या पाच महिन्यांत आम्ही काय करत होतो? तर प्रत्येक गोष्टीला कारण शोधून देत होतो. पहाटे साडेतीनला जाग येते? पहिल्या गाडीच्या ड्युटीची सवय. जेवण निम्म्यावर आलंय? वय झालं. पॅन्ट ढगळ व्हायला लागली तर दादानं पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडून दिलं, मग आणखी एक. पोटात गुबारा धरतो म्हणाले तर गॅसच्या गोळ्या, सोनोग्राफी, ती नॉर्मल आली म्हणून घरी पेढे. सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या पॅसेंजरवर ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, तो नातवाच्या हातून पेला पडला म्हणून थरथरत ओरडला. त्याचंही कारण होतं आमच्याकडे. साखर वाढली असेल.

आणि मी? मी त्यांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं. लेण्याद्रीला पायऱ्या आहेत म्हणून खाली थांबले असतील असं वाटलं, पण ओझरलाही ते गाडीतून उतरले नाहीत. आई एकटीच दर्शन घेऊन आली. मी फोनवर काय म्हणावं? "आप्पा, मन कशात तरी रमवा ना." म्हणजे मामांचा फॉरवर्ड आज आला. मी तर गेल्या वर्षीच बापाला तोंडी पाठवला होता.

एकदाही रडले नाहीत हो ते. आपल्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे सिरियलमधल्यासारखं, उशीत तोंड खुपसून रडणं. आप्पा तर कुणी आलं की "या, बसा" म्हणायचे. फक्त पेन उचलत नव्हते.

गठ्ठ्यातले दोन-चार पेपर पिशवीत घालून मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. खरं सांगते, ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. आप्पांना बोलावून घेतलं. थायरॉईड, बी-12 बघायला रक्त घेतलं आणि मग सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" मी दचकले. असं विचारतात का कुणाला? उलट डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं व्हायचं! आप्पा बराच वेळ खिशातलं पाकीट चाचपत बसले. मग म्हणाले, "रोजच वाटतं. पण सांगायचं कुणाला?"

विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार भरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उलट माणूस सुटतो. वाटेत रिक्षात आप्पांनी पाच महिन्यांत बोलले नव्हते एवढं बोलून टाकलं.

मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं म्हटल्यावर मात्र तमाशा. "मला येरवड्याला घालताय का?" आईनं शेजारी सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय. (अजून आमच्या घरात त्यांना 'डोळ्यांचे डॉक्टर'च म्हणतात.) ते डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास किंवा ज्यात जीव होता त्यात गोडीच उरली नाही, जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं, असं असेल तर दाखवायला यायचं. दोन आठवडे! आणि आम्ही पाच महिने पट्ट्याला भोकं पाडत बसलो होतो.

गोळ्या सुरू केल्यावर पंधरा दिवस काहीच फरक नाही. आप्पा म्हणाले, बंद करतो. तेही सांगितलेलं होतंच, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मनानं एकदम थांबवायच्या नाहीत. चौथ्या आठवड्यात आईचा फोन आला, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून बोलले गं! बाई आनंदानं रडत होती.

आता कुणीतरी येईलच सांगायला की प्रत्येक उदासीला डिप्रेशन म्हणू नये. नका म्हणू. कामात, चार माणसांत राहिल्यानं बरं वाटतं, हेही खरं. डॉक्टरांनीही रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. पण ज्याला पेन उचलवत नव्हतं त्याला मी महिनाभर "फिरायला जा" म्हणत होते, आणि ते जमत नाही म्हणून तो माणूस स्वतःला आणखी नालायक समजत होता. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, बाल्कनीत, माझ्याकडे न बघता.

फी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी, आणि ते रास्तच आहे: जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथं चौकशी करा. नाहीतर 14416 लावा. टेली-मानस, 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री अकरालाही.

दुपारी परत तो फॉरवर्ड उघडला. कुणी कुणी हात जोडलेत ते बघत खाली गेले. अकरावं नाव आप्पांचं.

मला काय झालं कुणास ठाऊक, ग्रुपवरच हे एवढं मोठं उत्तर लिहून टाकलं. विहिरीपासून सगळं. दोन मिनिटांत आप्पांचा फोन.

"ते काढून टाक."

"तुम्ही कशाला हात जोडलेत?"

"सगळ्यांनी जोडले. मी एकट्यानं नाही जोडले तर विचारतील."

मला बोलता येईना. पलीकडून पेनाची टकटक येत होती.

"काढते," मी म्हटलं. "फेसबुकवर लिहू का?"

"तिकडं आपलं कोण आहे?"

"तसं कुणी नाही."

"मग लिही. पेपरचं नाव तेवढं घालू नको."