‘लंडन रोज फक्त १५ पाउंडांत’ : पण खाट कुठे गेली?

ताईच्या मुलाने परवा रात्री साडेबाराला एक फॉरवर्ड पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं: "मावशी, दुसरा मुद्दा खरा आहे ना? तू सहा वर्षं होतीस तिकडे." फॉरवर्ड मला नवा नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, योगवर्गाच्या ग्रुपवर तर दोनदा. तेव्हा मी काणाडोळा केला. आता पोरगा दोन मित्रांना घेऊन दहा दिवसांसाठी निघतोय, आणि याच कागदाच्या भरवशावर निघतोय, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

मजकूर थोडक्यात असा. "लंडन रोज फक्त १५ पाउंडांत! ट्रॅव्हल एजंट हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत." मग आठ मुद्दे. व्हिसासाठी मित्रांकडून पैसे घेऊन महिनाभर खात्यात ठेवा. हॉस्टेलमध्ये रोज चार तास काम करा, खाट फुकट. पहिली रात्र विमानतळावर काढा, नंतर हवा बरी असेल तर हाईड पार्कात तंबू. बसच्या मधल्या दाराने चढा, कोणी बघत नाही. दोन्ही वेळचं जेवण गुरुद्वारात. म्युझियमं फुकट. चर्चमध्ये ‘प्रार्थनेला आलोय’ म्हणा, तिकीट मागत नाहीत. आणि शेवटचा मुद्दा, प्रवासविम्यावर पैसे घालवू नका, इंग्लंडात दवाखाना सगळ्यांना फुकट असतो. तळाला जोडलेले हात आणि "गरजूंपर्यंत पोहोचवा".

आधी मला प्रश्न पडला तो १५ या आकड्याचा. खाणं आणि बस एवढंच धरलं, तर १५ पाउंडांत दिवस निघतो. ओढूनताणून निघतो, पण निघतो, मी काढलेत. बसत नाही ती खाट. आठ-दहा जणांच्या खोलीतली साधी दुमजली खाटसुद्धा लंडनमध्ये साधारण वीस ते चाळीस पाउंडांना जाते, शुक्रवार-शनिवारी त्याच्या वरच्या टोकाला. म्हणजे नुसतं आडवं व्हायलाच १५ च्या वर. यावर फॉरवर्डवाल्याने शोधलेला उपाय म्हणजे खाटच हिशेबातून काढून टाकायची. एकदा ती विमानतळावर गेली, एकदा बागेत, आणि एकदा चार तासांच्या कामात. बाकी सगळी सजावट.

तर दुसरा मुद्दा. नाही रे राजा, खरा नाही. आणि आठांमध्ये सगळ्यात घातक हाच आहे.

जगात असे हॉस्टेलवाले असतात हे कबूल. लंडनमध्येही काउंटरवर बसणारी, चादरी बदलणारी परदेशी पोरं मी पाहिलीत. पण त्यांच्याकडे काम करायची परवानगी होती. तू जाणार पर्यटक म्हणून. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांमध्ये पर्यटकांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट आहे, ‘अपेंडिक्स व्ही : व्हिजिटर’. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते उघडं पडलेलं आहे, फुकट वाचता येतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की पर्यटकाने तिथे काम करायचं नाही, आणि त्यात कुठल्याही संस्थेसाठी किंवा व्यवसायासाठी केलेलं काम धरलंय. "पण मावशी, पगार कुठे घेतोय आम्ही?" हा तुझा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. याच नियमांत नोकरीची जी व्याख्या आहे तिच्यात पगारी आणि बिनपगारी, दोन्ही येतात. शिवाय खाट हा मोबदलाच झाला की. वीस-तीस पाउंडांची वस्तू तुला चार तासांच्या बदल्यात मिळाली, तर तिला पगार म्हणायला नाव कशाला बदलायला हवं?

एक फट आहे आणि ती लपवणार नाही, नाहीतर कोणीतरी तीच काढून दाखवेल. पर्यटकाला स्वयंसेवा करता येते, जास्तीत जास्त ३० दिवस, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी. धंदा म्हणून चालणारं हॉस्टेल त्यात बसत नाही. फॉरवर्डवाल्याने ‘स्वयंसेवक’ हा शब्द कुठूनतरी उचललाय आणि अट तिथेच सोडून दिलीय.

याचं पुढे काय होतं ते मी हीथ्रो विमानतळाच्या रांगेत पाहिलंय. माझ्यापुढे विशीतला एक मुलगा होता, पाठीला त्याच्याएवढी सॅक. अधिकारी बाईंनी अगदी सहज विचारलं, राहणार कुठे? त्याने हॉस्टेलचं नाव सांगितलं. बुकिंग दाखवा म्हटल्यावर त्याने फोनवरचा ईमेल पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला, मग हातानेच बाजूच्या खुर्च्या दाखवल्या. माझा शिक्का झाला, बॅगा आल्या, मी बाहेर पडले, तेव्हा तो अजून खुर्चीतच होता, सॅक मांडीवर घेऊन. तिथून परत पाठवलं तर विमानाचं तिकीट बुडालं, व्हिसाचे शंभराच्या वरचे पाउंड बुडाले. आणि पुढे बहुतेक देशांच्या अर्जात एक रकाना भरावा लागतो: आधी कुठे प्रवेश नाकारला गेला आहे का? फुकटच्या खाटेची ही किंमत फॉरवर्डमध्ये कुठे आहे?

पहिला मुद्दा याच परिशिष्टाने निकालात निघतो. पर्यटकाकडे काम न करता, सरकारी मदत न घेता, परतीच्या प्रवासासकट सगळा वाजवी खर्च भागेल एवढे पैसे हवेत, असं त्यात म्हटलंय. उसने पैसे आणून ते आपलेच म्हणून दाखवणं फसवणूक ठरली, तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. पोरं म्हणतात सगळेच करतात. करत असतील. पण खात्यात वर्षभर चार-पाच हजारांच्या वर काही नाही आणि अर्जाच्या आधी एकदम मोठी रक्कम, हे ओळखायला हेर लागत नाही. गंमत म्हणजे हा खटाटोप करायची गरजच नाही. तुमच्याशी खरं नातं असलेली व्यक्ती तुमचा खर्च उचलू शकते, नियमात तशी सोय आहे. बाबांचं पत्र, बाबांच्या खात्याचा उतारा, विषय संपला. पण "बाबांना सरळ विचारा" या सल्ल्याला कोण फॉरवर्ड करणार?

दवाखान्याचं ऐकून मात्र मी कपाळावर हात मारला. हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्ययंत्रणेची, सेवा फुकट आहे ती तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्यांना. पाहुण्याला अपघात विभागातला प्राथमिक उपचार आणि जीपीचा, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरचा, सल्ला यांचे पैसे पडत नाहीत, एवढा अर्धा भाग खरा. पण अपघात विभागातून तुम्हाला वरच्या मजल्यावर दाखल केलं की मीटर सुरू, आणि भारतातून आलेल्या पर्यटकाला दर लागतो तो एनएचएसच्या स्वतःच्या दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के. ५०० पाउंड किंवा त्याहून जास्त बिल दोन महिने थकलं तर ते गृहखात्याला कळवलं जाऊ शकतं, आणि त्यावरून पुढचा व्हिसा नाकारता येतो. ओल्या जिन्यावरून घसरून पाय मोडणं एवढं पुरे. दहा दिवसांच्या विम्याचा हप्ता आणि शस्त्रक्रियेचं बिल यांची तुलना करायला मी बसणार नाही.

बाकीचे भराभर घेते. हाईड पार्क रात्री बारा वाजता बंद होतं, पहाटे पाचला उघडतं, आणि त्याच्यासारख्या शाही उद्यानांमध्ये तंबू ठोकायला मनाई आहे. विमानतळावर एक रात्र निघते, विमान मध्यरात्रीनंतर उतरलं असेल तर काढावीही. पण बहुतेक बाकांना हातांचे टेकू असतात, सामानावर एक डोळा उघडा ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी म्युझियमात तुम्ही पुतळ्यांपेक्षा जास्त दगडी दिसता. पैसे तिथेच वाचवायचे तर शहरात येताना वाचवा. पंधरा मिनिटांत पोहोचवणाऱ्या हीथ्रो एक्सप्रेसच्या ऐन वेळच्या तिकिटात एका रात्रीची खाट येते. मेट्रोच्या निळ्या पिकॅडिली लाइनने तासभर लागतो, पण भाडं त्याच्या मानाने फारच कमी पडतं.

बसचा मुद्दा शिळा आहे. तीन दारांच्या नव्या रूटमास्टर बसमध्ये पूर्वी कुठूनही चढता यायचं, म्हणून कोणीतरी हे लिहिलं असणार. फुकट्यांचं प्रमाण वाढल्यावर जानेवारी २०२० मध्ये ते बंद झालं. आता पुढूनच चढायचं, बँकेचं कार्ड यंत्राला लावायचं. तपासनीसाने पकडलं तर दंड १०० पाउंड, २१ दिवसांत भरला तर ५०. त्या ५० मध्ये रीतसर अठ्ठावीस वेळा बसता येतं.

कारण बस मुळात स्वस्त आहे! फॉरवर्डवाल्याला चोरी सुचली, पण हे सांगायचं सुचलं नाही. २०२३ पासून एका फेरीचे १.७५ पाउंड, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, तेच १.७५. दिवसभर नुसत्या बसने फिरलात तर ५.२५ ला कापणं थांबतं. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत, आणि प्रत्येकाला आपलं वेगळं कार्ड लागतं, एकावर तिघं जाता येत नाही. मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे लावायचं, तेही एकच. मी पहिल्याच आठवड्यात जाताना कार्ड आणि येताना तेच कार्ड भरलेला फोन लावला. यंत्राच्या हिशेबी ती दोन वेगळी माणसं, आणि दोघांनाही सगळ्यात मोठं भाडं. स्वतःच्या धांदरटपणाला किती शिव्या घातल्या ते विचारू नका. ट्रफल्गर चौकातून १५ नंबरची बस पकड, वरच्या मजल्यावर काचेला लागून पहिलं बाकडं मिळेपर्यंत दोन बस सोडाव्या लागल्या तरी सोड. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सचा घुमट, पार टॉवर ऑफ लंडनपर्यंत सगळं समोरून येतं. आख्ख्या फॉरवर्डमध्ये १५ हा आकडा इथेच कामाचा.

गुरुद्वारा. साउथॉलच्या हॅवलॉक रोडवरच्या गुरुद्वारात लंगर सगळ्यांना खुला असतो हे खरंच आहे, कोणी जात-धर्म विचारत नाही. पण साउथॉल शहराच्या पश्चिम टोकाला. मध्य लंडनहून रोज दोनदा जाणार असाल तर रेल्वेभाडं जेवणाच्या वर जाईल, आणि बसने गेलात तर दिवस बसमध्येच संपेल. एकदा जरूर जा. डोकं झाकून पंगतीत बसा, नंतर चार ताटं घासा. पण दहा दिवस तीन धडधाकट पोरांनी त्याला मेस समजायचं, हे मला पटत नाही. सुपरमार्केटात चार-पाच पाउंडांत सँडविच, काहीतरी चघळायला आणि पेय असं ‘मील डील’ मिळतं, संध्याकाळी उतरलेल्या किमतीची पिवळी चिठ्ठी लावलेले डबे मिळतात. दारूचा परवाना असलेल्या पबात किंवा रेस्टॉरंटात गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, हा तर तिथला कायदा.

चर्चचं अर्धं खरं. वेस्टमिन्स्टर ॲबीत आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी इव्हनसाँग, म्हणजे गायली जाणारी सायंप्रार्थना, असतं, त्याला तिकीट नाही, कोणीही जावं. पण तिथे बसून ऐकायचं असतं. उठून थडग्यांमधून फिरायचं नसतं, फोटो तर नाहीच. खोटं बोलून आत शिरण्यासारखं काही नाही त्यात, बोलावतातच ते.

आणि म्युझियमं, हो, फुकट. एवढा एक मुद्दा बिनशर्त दिला. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं तेव्हापासून (मधला अगदी थोडा काळ सोडला तर), आणि ज्यांनी मध्यंतरी तिकीट लावलं होतं ती राष्ट्रीय संग्रहालयंसुद्धा डिसेंबर २००१ पासून. फक्त खास प्रदर्शनांना पैसे पडतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ बघ. वाघनखं शोधू नकोस, ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी इकडे महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्यात. प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथेही तिकीट नाही. फॉरवर्ड मराठीत असून त्यात हे नाही, यावरून तो किती फिरून लिहिलाय ते समजा.

म्हणून भाच्याला खाटेपासून सुरू केलेला हिशेब पाठवला. दहा दिवसांचे सात कर. रविवार ते शनिवार जा, म्हणजे शनिवारच्या रात्रीची महाग खाट लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही विद्यापीठं वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, तिघांत त्याही बघ. कुलूप आपलं ने. खाट, बस, खाणं मिळून माणशी रोजचे पन्नासच्या आसपास धर, विमा वेगळा.

त्याचं उत्तर आलं, "ओके मावशी, बाबांना विचारतो." मी ते सगळं घरच्या ग्रुपवरही टाकलं. दहा मिनिटांनी भाऊजींनी, म्हणजे त्याच बाबांनी, खाली एक नवा फॉरवर्ड चिकटवला: "पॅरिस रोज फक्त १५ युरोंत!" आठच मुद्दे, तेच. तिसऱ्यात अजून हाईड पार्कच आहे.