जेवायच्या पाटासारखा बोर्ड मी तुम्हाला का दिला

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात काही वेडंवाकडं लिहिलं जाईल म्हणून फोन बाजूला ठेवला. काल सकाळी तोच सर्फिंगचा बोर्ड घेऊन इथे गोव्यात आश्व्याच्या पाण्यात दीड तास होतो. आता लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही भाड्याने ६ फूट २ इंचांचा शॉर्टबोर्ड, म्हणजे अरुंद, टोकदार नाकाचा बोर्ड मागितलात आणि मी ‘जेवायला बसायच्या पाटासारखं फळकूट’ हातात दिलं. ते बगलेत मावेना, पाण्यात वळेना, तीनदा बोर्डाचं नाक पाण्यात खुपसून तुम्ही पडलात, हनुवटीला लागलं. तक्रार केलीत तर मी म्हणालो, ‘जरा सवय होऊ द्या.’ आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की न खपणारा माल आम्ही पर्यटकांच्या गळ्यात मारतो.

हनुवटीचं आधी. तुम्ही पाण्याबाहेर आलात तेव्हा मी दुसऱ्या ग्रुपला लीश (बोर्ड पायाशी बांधायची दोरी) बांधून देत होतो, तुमच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. प्रथमोपचाराची पेटी चार पावलांवर होती. याला माझ्याकडे काही सबब नाही. मनापासून माफी मागतो.

‘जरा सवय होऊ द्या’ हेही मी म्हणालो होतो. ते काही उत्तर नव्हतं. श्रीलंकेत वेलिगामाला दोन हिवाळे सर्फिंग केलंय असं तुम्ही सांगितलंत, पॅडलिंग करताना तुमचा हातही चांगला चालत होता, म्हणून वाळूवर हा बोर्ड समजावायला पाच मिनिटं द्यायची ती मी दिली नाहीत. माझं चुकलं ते इथे. शॉर्टबोर्डची सवय असलेल्या माणसालाच हा बोर्ड सगळ्यात आधी पाडतो, हे मला माहीत होतं. मी स्वतः याच्यावरून पहिला आठवडाभर असाच पडत होतो.

तुम्ही गेल्यावर बोर्ड धुवायला घेतला, तेव्हा वॅक्सवर, म्हणजे पाय घसरू नये म्हणून वर चोळतात त्या मेणावर, सगळं दिसत होतं. छाती जिथे टेकायला हवी त्याच्या चांगलं वीतभर पुढे वॅक्स चोळून गुळगुळीत झालं होतं. मागच्या पायाचा ठसा फिनांच्या, म्हणजे तळाला मागे बसवलेल्या पात्यांच्या, जवळजवळ फूटभर पुढे. मागे, फिनांच्या बरोबर वरच्या जागेवरचं वॅक्स मात्र मी सकाळी लावलं होतं तसंच, दाणेदार. होतं काय, की बोर्ड फक्त ५ फूट ८ इंचांचा. झोपलं की पाय नेहमीपेक्षा जास्त बाहेर लोंबतात, ते विचित्र वाटतं, आणि माणूस नकळत पुढे सरकतो. शॉर्टबोर्डचं नाक वर उचललेलं असतं, ते एवढं सरकणं खपवून घेतं. याला तसा उचललेला भाग जवळपास नाहीच, त्यामुळे लाट मागून लागली की नाक थेट खाली. शिवाय याच्यावर किनाऱ्याकडे तोंड करून सरळ उठायचं नसतं, पहिल्यापासून तिरकं निघायचं असतं. आणि वळण्यासाठी मागचा पाय पार मागे, फिनांच्या डोक्यावर न्यावा लागतो. मधे उभं राहून कितीही कंबर फिरवली तरी तो सरळच जाणार. तुम्ही लिहिलेलं ‘वळत नाही’ शंभर टक्के खरं आहे, कारण वळवायचं कुठून हे मी सांगितलंच नव्हतं.

वेळही चुकली. तुम्ही साडेनऊला आलात, पाण्यात उतरेपर्यंत दहा वाजले. भरती चढत होती. अर्ध्या भरतीपर्यंत बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाट आरामात उलगडते. पुढे पाणी वाढलं की ती तिथे मोडतच नाही, एकदम काठाशी येऊन आपटते. तशा आपटणाऱ्या लाटेत सपाट बोर्डाचे हाल होतात. त्यात अकराच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुटला आणि पाणी खडबडीत झालं. ‘आज नको, उद्या सातला या, तेव्हा वारा जमिनीवरून असतो’ असं मी म्हणायला हवं होतं. त्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर आलं, हे खरं कारण.

पण ‘फळकूट’ आणि ‘न खपणारा माल’ याबद्दल मी गप्प बसणार नाही. त्या सकाळी लाट गुडघाभर होती, एखादी मांडीपर्यंत. एवढी लाट मोडताना ताशी ९-१० किलोमीटरने येते, म्हणजे हळू धावणाऱ्या माणसाइतकी. तुम्ही मागितलेला शॉर्टबोर्ड पावणेएकोणीस इंच रुंद आणि बाजूने बघितला तर केळीसारखा बाक असलेला. उभ्या, मोठ्या लाटेच्या पोटात तो बाक बरोबर बसतो. आपल्या इथल्या आडव्या लाटेत तोच बाक पुढचं पाणी ढकलत बसतो आणि लाट तुम्हाला सोडून निघून जाते. तुम्हाला दिलेला बोर्ड साडेबावीस इंच रुंद, तळ जवळपास सपाट, शेपूट रुंद आणि चौकोनी. लाट ढकलते ती मागून, म्हणून मागे जागा जास्त. चपटी ठिकरी पाण्यावर टप्पे घेत जाते आणि गोल दगड बुडतो, तसं हे आहे. नाक कापल्यासारखं दिसतं, कारण बोर्ड एकदा पाण्यावर तरंगत सुटला की पुढचा तो भाग पाण्याला लागतच नाही, मग त्याचं वजन कशाला वाहायचं?

हे डोकं माझं नाही. कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स नावाचा एक गणिती डोक्याचा माणूस होता. वेगवान बोटींच्या सपाट तळांवर १९४६ साली छापून आलेला अभ्यास त्याने वाचला आणि ते गणित लाकूड, फोम आणि फायबरग्लासच्या बोर्डांना लावलं. १९५४ मध्ये, ३५ वर्षांचा असताना, तो सर्फिंग करतानाच गेला. त्याचे बोर्ड खूप लांब असायचे. २००६ च्या सुमारास सॅन दिएगोत त्याच तळाचा आखूड बोर्ड करून बघितला गेला, त्याला ‘मिनी सिमन्स’ म्हणतात. तुमच्या हातात होता तो हाच प्रकार.

मला मात्र तो सॅन दिएगोमुळे पटला नाही, इथल्याच मांद्र्याच्या होड्यांमुळे पटला. माझ्या काकांची जुनी वल्ह्याची होडी दोन्ही टोकांना निमुळती होती, बाजूला तोल सांभाळणारी उलांडी. आता इंजिन लावायची फायबरची होडी बघा, मागे कशी रुंद आणि सरळ कापलेली असते. जिथून जोर लागतो तिथे पसरट, बस. हा बोर्ड आम्ही घराच्या मागच्या शेडमध्ये केला, मी आणि होड्यांना फायबर मारणारा आमच्या वाड्यावरचा एक कारागीर, पावसाळ्याच्या चार महिन्यांत. फिन तीनदा काढून पुन्हा बसवले. उजव्या फिनाच्या बुडाशी रेझिनचा (फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा) एक पिवळट थेंब सुकलाय, तो मी मुद्दाम घासला नाही. रॅकवरच्या इतर बोर्डांपेक्षा यावर माझा जीव जास्त आहे, तो कोणाच्या गळ्यात मारावा असं माझ्या मनातसुद्धा येणार नाही. सकाळी शाळेआधी वाड्यावरची दोन पोरं याच बोर्डासाठी भांडतात.

तुम्ही असंही लिहिलंय की गोव्यात सर्फिंग करण्यासारख्या लाटाच नाहीत. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, लाल बावटे लागतात, तेव्हा मी एकही बोर्ड भाड्याने देत नाही. दसऱ्यापासून मे पर्यंत लाट लहान, पण नीटनेटकी आणि खाली वाळू. आमच्या वाट्याला हीच लाट आहे. दुसऱ्या देशातल्या मोठ्या लाटेसाठी केलेला बोर्ड घेऊन तिच्यावर रुसून बसायचं, की तिला साजेसा बोर्ड करायचा? मी दुसरं निवडलं आणि त्याबद्दल मला अजिबात शंका नाही.

तरी तुम्ही मागितलेला बोर्ड रॅकवर होता आणि तो तुम्हाला मिळायलाच हवा होता. पैसे तुमचे, सकाळ तुमची. माझा उत्साह मी तुमच्यावर लादला. आता दोन गोष्टी बदलल्यात. बोर्डावर, छाती कुठे टेकवायची तिथे, लाल रंगाची पट्टी मारली आहे आणि मागच्या पायाच्या जागी खरखरीत पॅड चिकटवलाय. आणि ज्याला हा द्यायचा त्याला जोडीला नेहमीचा बोर्डही देतो, एकाच भाड्यात, किनाऱ्यावर ठेवून. आवडला नाही तर पाच मिनिटांत बदला. सकाळी साडेनऊनंतर मात्र हा रॅकवरून खाली उतरत नाही.

तुमच्या दोन तासांचे १४०० रुपये आज दुपारी, ज्या नंबरावरून आले होते त्यावरच परत पाठवलेत. पुन्हा कधी पेडण्याकडे येणं झालं तर आदल्या रात्री फक्त एक मेसेज टाका, मी भरतीची वेळ बघून कळवतो. एक तास मी स्वतः तुमच्याबरोबर पाण्यात उतरेन, त्याचे पैसे घेणार नाही. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही, त्या दिवशी जे झालं ते तुम्ही तसंच लिहिलंय. पैसे पोचले का, आणि हनुवटीची जखम भरली का, एवढं कळवा.