‘उगाच घाबरवता’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर फार तिखट झालं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले. कुत्र्याच्या पिल्लाचं खाणं सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदलावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘आम्ही एका दिवसात बदललं, काही झालं नाही. तुम्ही नवख्या लोकांना उगाच घाबरवता.’ शिवाय जुन्या-नव्या खाण्याच्या प्रमाणाचा माझा तक्ता चुकलाय, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांचं वेगळं खाणं हा निव्वळ धंदा आहे, हेही.

तक्त्याचं आधी. चौथ्या दिवसापुढे ‘जुनं 50 टक्के, नवं 25 टक्के’ असं पडलं होतं. निम्मं-निम्मं हवं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. पण ती दाखवताना ‘ज्यांना बेरीज येत नाही त्यांनी सल्ले देऊ नयेत’ असं लिहायची काय गरज होती? ‘आकडा तपासा’ एवढं म्हटलं असतंत तरी मी तपासलाच असता.

आता ‘घाबरवता’. हा शब्द मला लागला. सतरा वर्षं माझ्या घरात कुत्री आहेत. चिंगी आली तेव्हा आठ आठवड्यांची होती. आधीच्या घरून दिलेली खाण्याची पुडी मी फडताळात ठेवून दिली आणि मी निवडलेलं चांगलं खाणं त्याच संध्याकाळी वाटीभर दिलं. तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली. पहाटे तीनला पांघरूण, फरशी, तिचे मागचे पाय, सगळं बरबटलेलं. उजाडेपर्यंत पाच वेळा. हिरड्यांना बोट लावलं तर ओल्या लागायच्या त्या चिकट लागल्या. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग सावकाश खाली बसली. अंगातलं पाणी कमी झाल्याची ही खूण. डॉक्टरांनी पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या करणाऱ्या विषाणूची तपासणी केली, जंतांसाठी शी तपासली. दोन्हींत काही निघालं नाही. कातडीखाली सलाइन देता देता त्यांनी विचारलं, ‘खाणं कधी बदललंत?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. सात ते दहा दिवसांचा तो नियम मी त्या रात्रीनंतर शिकले.

आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. प्रथिनं, चरबी, चोथा सगळंच एकदम बदललं की न पचलेला भाग पुढे सरकतो, पाणी ओढून घेतो आणि शी पातळ होते. मोठं कुत्रं एवढं सहज निभावून नेतं. दीड-दोन किलोच्या जिवात पाणी असतं तरी किती? तुमच्या पिल्लाला काही झालं नाही, बरंच झालं. पुष्कळांना होत नाही. पण कुणाला होणार हे वाटी पुढे ठेवण्याआधी कळत नाही, आणि म्हणूनच मी लिहिलं. शी पातळ झाली तर आधीच्या प्रमाणावर या, दोन दिवस थांबा. रक्त, उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर ‘खाणं बदललंय म्हणून असेल’ असं समजून घरी बसू नका. हेच माझे शब्द होते. यात घाबरवणं कुठे आहे, ते वाक्य मला दाखवा.

धंद्याबद्दल एवढंच, की जादा कॅल्शियम शोषून घेणं कोवळ्या पिल्लांच्या शरीराला आवरता येत नाही आणि मोठ्या जातींत त्यानं हाडांची वाढ बिघडते, म्हणून त्यांचं खाणं वेगळं. पटत नसेल तर सोडून द्या. त्यावर मला वाद घालायचा नाही.

आणि एक. तुमचं पिल्लू तेव्हा किती आठवड्यांचं होतं, हे एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. आठ आठवड्यांचं आणि पाच महिन्यांचं यांत फार फरक पडतो. मला खोटं ठरवण्याआधी तेवढं तरी लिहायचंत.